शांतता परिषद आणि एक कपाट

विमानतळाजवळच्या त्या हॉटेलच्या दारात आमच्या पिशव्या मशीनमधून गेल्या आणि माझ्या मैत्रिणीची गंगाजलाची लोटी अडकली. सुरक्षारक्षक म्हणाला, "मॅडम, लिक्विड आहे." ती म्हणाली, "लिक्विड नाय रे बाबा, गंगा आसा." तरी त्याने लोटी उघडून हुंगून पाहिली. आम्ही दोघी सर्वधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय शांतता परिषदेला आलो होतो आणि सुरुवात अशी संशयाने झाली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. अंधेरीतल्या अशा हॉटेलांत आमच्या वस्तीतल्या बायका एरवी मागच्या दाराने जातात, कामाला.

मी महापालिकेच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेली. मैत्रीण पोळी-भाजी केंद्र चालवते. तिचे सासरे गिरणीत होते, सासर-माहेर दोन्ही कोकणातलं. माझं माहेर साताऱ्याकडचं, आम्ही बौद्ध. नाहूर स्टेशनपासून थोडं आत आमची चाळ होती, तिथे आमची दारं समोरासमोर होती. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा घरांच्या चिठ्ठ्या काढल्या. तिला वरचा मजला आला, मला खालचा. मी म्हटलं, "वर राहायची सवयच आहे तुम्हाला." ती खो खो हसली होती. आमच्यात असं चालायचं. ती मला बाई म्हणायची, कारण तिच्या मुलांना मी शिकवलं होतं, आणि बाई म्हणत म्हणतच अगं-तुगं करायची.

चाळीच्या टोकाच्या खोलीत आमचं विहार होतं. बुद्धाची पितळी मूर्ती, समोर सतरंजी, दर रविवारी वंदना. नव्या इमारतीत विहार नाही आणि मैत्रिणीच्या लोकांच्या गणपती मंडळाची खोलीही नाही. सगळ्यांना मिळून तळमजल्यावर एक हॉल. त्या हॉलमध्ये पहिल्याच आठवड्यात गणपतीची मोठी तसबीर लागली. ती कोणी कोणाला विचारून लावली नाही, आणि काढा असं आम्हीही म्हटलं नाही. पण आमच्या मूर्तीचा विषय निघाला की लगेच नियम निघायचे. म्हणून मूर्ती माझ्या घरी, झोपायच्या खोलीत, शिलाई मशीनवर पांढऱ्या चादरीखाली होती. मी रोज तिच्याकडे पाहत उठायची आणि रोज मला लाज वाटायची. ज्याला अख्खं जग मानतं त्याला आम्ही मशीनवर ठेवलं होतं, कारण खाली त्याला जागा नव्हती.

परिषदेनंतरच्या रविवारी सोसायटीच्या कमिटीची सभा होती. मूर्ती हॉलमध्ये बसवायची की नाही ते तिथे ठरणार होतं. कमिटीत मीही होते, आणि मतं अर्धी-अर्धी होती. मैत्रीण महिलांच्या जागेवर कमिटीत होती, म्हणजे सगळं तिच्या हातावर होतं. परिषदेला जाताना गाडीत तिने माझ्या मांडीवर थाप मारली. म्हणाली, "तू काय्येक काळजी करू नको. माझो हात वर असतलो."

आम्हाला या परिषदेला बोलावलं ते गवारीमुळे. चाळीच्या शेवटच्या काळात एका वर्षी आमची जयंतीची मिरवणूक आणि त्यांची हनुमानाची पालखी एकाच संध्याकाळी एकाच गल्लीत समोरासमोर आली. दोन्हीकडे डीजे, दोन्हीकडची पोरं पेटलेली, मागे कोणी सरायला तयार नाही. मैत्रिणीकडे दुसऱ्या दिवशीची भाजीची ऑर्डर होती. ती परात घेऊन सरळ गल्लीच्या मधोमध बसली आणि गवार मोडायला लागली. "बाई, ये गो, हात लाव," म्हणून तिने मला हाक मारली. मी बसले. मग दोन्हीकडच्या बायका बसल्या. ज्या रस्त्यात आपली आई बसली आहे तिथून डीजेची गाडी कोण नेणार? गवार मोडून होईपर्यंत पोरांचा जोर ओसरला होता. आधी पालखी गेली, मग मिरवणूक, दोन्ही डीजे बंद ठेवून. कोणत्या तरी संस्थेने ही गोष्ट ऐकली, तिथून ती दुसऱ्या संस्थेकडे गेली, आणि परिषदेच्या पुस्तिकेत तिचं नाव झालं होतं 'भाजीचं शांतिवर्तुळ'. मैत्रिणीने ते मला वाचायला लावलं. मग म्हणाली, "माझी गवार वाया जाऊ नये म्हणून बसलेलंय मी."

परिषदेत सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले होते. त्यावर नाव, देश आणि धर्म. माझ्या बिल्ल्यावर बौद्ध वाचून आयोजकांपैकी एक बाई फार खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ध्यान तुम्ही घ्याल का, असं त्यांनी मला विचारलं. मी आयुष्यात कधी ध्यानाला बसलेली नाही. आमच्या घरी धम्म आला तो शाळा, वसतिगृह, मोर्चा आणि निळा झेंडा यांच्याबरोबर. डोळे मिटून बसायला आमच्याकडे कोणाला वेळ होता? मी तसं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "यू आर सो हम्बल." मग मी सकाळी ध्यानाऐवजी सगळ्यांसमोर त्रिसरण-पंचशील म्हटलं. श्रीलंकेहून आलेले एक भन्ते पालीचे शब्द ऐकून माझ्याबरोबर म्हणू लागले. ती तेवढी दहा-पंधरा मिनिटं परिषदेत मला खरी वाटली.

मैत्रीण मात्र तिथे झकास रमली. नाश्त्याला इतके पदार्थ बघून ती प्रत्येक भांड्याचं झाकण उघडून आत काय आहे ते मला सांगायची. कांद्यापोह्यांना तिने नापास केलं. दुपारी चाटच्या काउंटरवर तिने दोन प्लेट पाणीपुरी खाल्ली आणि तिसरी माझ्या नावावर घेतली. आफ्रिकेतून आलेल्या एका पाद्रीण बाईंशी तिची इतकी गट्टी जमली की दोघी हातात हात घालून फिरत होत्या. एकीला दुसरीची भाषा कळत नव्हती, पण दोघींच्या गुडघ्यांचं दुखणं एकच होतं.

आमची गोष्ट तिने सांगितली, मालवणी-मराठीत, परातीसकट, मोडायची ॲक्शन करून. इंग्रजी करून सांगणाऱ्याची दमछाक झाली. हॉल उभा राहिला, टाळ्या थांबेनात. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मग उत्तर आयर्लंडहून आलेले एक म्हातारे पाद्री उभे राहिले. त्यांनी विचारलं, "हे झालं त्या दिवशी. त्यानंतर काय झालं?"

तो प्रश्न माझ्याकडे आला. मी माइक घेतला आणि सांगायला लागले की ती चाळ आता नाही, ती गल्लीही नाही. टॉवर झाला. त्याच बायकांची मुलं आता एका हॉलसाठी भांडतात. आमची मूर्ती शिलाई मशीनवर आहे. इथपर्यंत आले आणि सूत्रसंचालन करणाऱ्या गृहस्थांनी गोड हसून घड्याळ दाखवलं. म्हणाले, "हा जरा अंतर्गत विषय आहे, चहाच्या वेळात बोलू या. आपण आशेच्या गोष्टीवर थांबू."

चहाच्या वेळात फक्त ते म्हातारे पाद्री माझ्याजवळ आले. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत उरलेलं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मी अशा परिषदांना चाळीस वर्षं जातोय. लोक विचारतात, हाती काय लागलं? मी म्हणतो, पिशवी." आणि त्यांनी खांद्यावरची तागाची पिशवी दाखवली, आम्हा सगळ्यांना वाटलेली. तेही हसले, मीही हसले. त्यांना सल्ला द्यायचा मोह झाला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

शेवटच्या दिवशी पाण्याचा कार्यक्रम होता. प्रत्येकाने आपल्या गावचं, आपल्या धर्माचं थोडं पाणी आणायचं, सगळ्यांचं पाणी एका मोठ्या काचेच्या पात्रात ओतायचं, आणि मग त्यातलं थोडं थोडं सगळ्यांनी प्यायचं. कोणी जॉर्डन नदीचं आणलं होतं, कोणी झमझमचं, श्रीलंकेच्या भन्तेंनी कुठल्याशा तळ्याचं. मैत्रिणीचं गंगाजल होतं. मी काय नेणार? आमच्याकडे पवित्र पाणी नाही. मी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं, आमच्या इमारतीच्या टाकीतलं. सगळ्या मजल्यांवर तेच येतं, म्हणून मला ते योग्य वाटलं. पात्रात ओतताना मी तसं सांगितलंही.

मग सगळे अर्धवर्तुळात उभे राहिले. पळीने एकेकाच्या ओंजळीत पाणी घालत होते. मैत्रीण माझ्या उजव्या हाताला होती. मी माझं पाणी प्यायले आणि सहज तिच्याकडे पाहिलं. तिच्या तळहातावर पाणी होतं. तिने हात तोंडाजवळ नेला, ओठांपासून बोटभर अंतरावर थांबवला, डोळे मिटले, आणि ओला हात डोळ्यांना लावून केसांवरून मागे फिरवला. देवळात तीर्थ घेतल्यावर फिरवतात तसा. फक्त मधलं पिणं राहिलं होतं. पाणी बोटांच्या फटीतून तिच्या पदरावर गेलं.

बाकी कोणाला ते कळायचं कारण नव्हतं. उलट समोरच्या फोटोग्राफरने नेमका तोच फोटो काढला. मिटलेले डोळे, डोक्यावर ओला हात, कपाळावर थेंब. संस्थेच्या पुढच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तो आला. खरंच सुंदर फोटो आहे. त्यात भक्ती आहे, ती खोटी नाही. पण तीर्थ घेण्याची रीत मला माहीत आहे. तिच्या घरच्या सत्यनारायणाला मी इतकी वर्षं जाते, तीर्थ आधी पितात आणि मग हात डोक्याला पुसतात, हे मला तिनेच शिकवलं होतं.

आमच्या माणसांना पाण्याबद्दल काही सांगावं लागत नाही. ओंजळभर पाण्यासाठी आमच्या मागच्या पिढ्यांनी डोकी फोडून घेतली आहेत. दुसऱ्या कोणी ती ओंजळ चुकवली असती तर मी तिथेच तोंडावर बोलले असते, माझा स्वभाव तसाच आहे. पण ही ती होती. मी पुढे पाहत उभी राहिले.

परतताना परिषदेची गाडी होती. पवईला गाड्यांची रांग लागली आणि आम्ही तळ्याकाठी नुसत्या उभ्या. मी विचारलं, "पाणी प्यायली नाहीस तू?"

ती दचकली नाही. पिशवीतून मिळालेली पेनं मोजत म्हणाली, "किती जणांचे हात लागलेले गो त्याला. पोट बिघडला तर? सकाळी केंद्र कोण उघडणार?"

कालच्या पाणीपुरीचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. रविवारची सभा दोन दिवसांवर होती आणि तिचा हात वर व्हायचा होता. शिवाय ती खरं बोलत असेलही. मी खिडकीबाहेर पाहत आठवायला लागले. माझ्या घरी ती किती वेळा आली, चहा किती वेळा प्यायली, माझ्या हातचे बोंबील तिने किती वेळा चाटूनपुसून खाल्ले. आणि पाणी? "नको गो, आत्ताच पिऊन आलंय." "नको, चहा टाक त्यापेक्षा." हे मला ऐकू येत होतं. पण एकदाही प्यायली नसेल असं थोडंच आहे? प्यायली असेल. उन्हातून आली असेल, मागितलं असेल. मी नाहूर येईपर्यंत शोधत होते आणि मला एकही वेळ आठवली नाही. असं मागे जाऊन शोधणं फार वाईट. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ही माझी मैत्रीण होती आणि मला काहीच शोधावं लागत नव्हतं.

रविवारी सभा झाली. नेहमीचंच बोलणं झालं. हॉल सगळ्यांचा आहे, एकाची मूर्ती आली की उद्या प्रत्येकजण आपापलं आणेल, मग लग्नाला हॉल भाड्याने कोण घेणार. मी तसबिरीकडे बोट दाखवलं. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, गणपती काय, तो सगळ्यांचाच." हे ते अगदी मनापासून म्हणाले. त्यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं आणि दिसणारही नव्हतं.

तेव्हा मैत्रीण उभी राहिली. म्हणाली, मी परिषदेला जाऊन आलंय, तिथे शिकवतात की भांडणात दोन्ही बाजू जिंकल्या पाहिजेत. मूर्ती हॉलमध्ये येणार. पण उघड्यावर नाही. भिंतीला दोन दारांचं कपाट करायचं, आत मूर्ती. यांचा कार्यक्रम असेल तेव्हा उघडायचं, एरवी बंद. म्हणजे कोणाला त्रास नाही, कोणाचा अपमान नाही. टाळ्या पडल्या, दोन्हीकडून. हात वर झाले आणि त्यात सगळ्यात उंच तिचा होता. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड आनंदाने फुललं होतं. माझ्यासाठी तिने आपल्या लोकांशी वैर पत्करलं होतं, आणि तिच्या दृष्टीने ती जिंकली होती.

मला ओरडावंसं वाटलं की बुद्धाला तुम्ही कपाटात घालताय. पण आमच्या विहाराचे सगळ्यात जुने आजोबा माझ्या शेजारी बसले होते. चाळीतली ती खोली त्यांनीच कोणे एके काळी मागून मिळवली होती. ते हळू आवाजात म्हणाले, "घ्या बाई. कपाट तर कपाट. मशीनवरून तर उतरेल." मी हात वर केला. प्रस्ताव एकमताने मंजूर झाला.

कपाट चांगलं झालं. फिकट सागवानी रंगाचं लॅमिनेट, आत ट्यूब. प्रश्न उरला चावीचा. ती आमच्याकडे द्यायला कमिटीतले बाकीचे तयार नव्हते, मग तुम्ही रोजच उघडाल म्हणाले. सेक्रेटरींना नको होती, उद्या काही झालं तर आळ माझ्यावर येईल म्हणाले. शेवटी चावी मैत्रिणीकडे द्यायचं ठरलं, कारण तिच्यावर दोन्हीकडच्यांचा विश्वास. तिने ती घरच्या चाव्यांच्या जुडग्यात अडकवली आणि जुडगा कमरेच्या पिशवीत. काही रविवार ती स्वतः खाली येऊन उघडून द्यायची आणि वंदना होईपर्यंत दाराशी उभी राहायची.

मे महिना लागला. आमच्या इमारतीतली कोकणातली घरं मेमध्ये ओस पडतात, सगळे गावी. तीही गेली, पुतण्याचं लग्न होतं. जाताना माझ्याकडे कढीपत्त्याची कुंडी ठेवून गेली. बुद्धपौर्णिमा मेमध्ये आहे हे तिच्या डोक्यात नव्हतं. आणि ती मेमध्ये गावी जाते हे माझ्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं दोन्ही गोष्टी दोघींना माहीत होत्या. पण यापूर्वी आम्हाला बुद्धासाठी कोणाच्या गावी जाण्या-येण्याकडे लक्ष ठेवावं लागलं नव्हतं.

पौर्णिमेच्या सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत हॉलमध्ये जमले. खिरीचं पातेलं आलं, फुलं आली, आजोबा काठी टेकत आले. कपाट बंद. मी फोन लावला. तिकडे लग्नाची गडबड, वाजंत्री. "अगो बाय माझ्या," ती म्हणाली, "चावी माझ्याच पिशवेत रवली गो." तिचा आवाज खरोखर पडला होता. लगेच म्हणाली, "कुलूप फोड तू. माका राग येवचो नाय. मी सांगतंय ना, फोड." तिने मुद्दाम केलं नव्हतं. हे मला पूर्ण माहीत आहे आणि तरी त्या क्षणी मला खात्री वाटत नव्हती, आणि त्या पाण्यानंतर ती मला पुन्हा कधी वाटणार नव्हती. एरवी मी हसून चार शिव्या घातल्या असत्या. मी म्हटलं, "असू दे. लग्न सांभाळ."

आमच्यातले काहीजण चावीवाल्याला आणायला निघाले. सेक्रेटरीही गावीच होते, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, तुम्ही समजूतदार आहात. ठराव तुमच्याही सहीचा आहे. आज कुलूप उघडलंत तर उद्या म्हणतील बौद्धांनी सोसायटीचं कुलूप तोडलं. मग माझ्या हातात काही राहणार नाही." त्यात धमकी नव्हती. ते खरंच होणार होतं, ते मला त्यांच्याइतकंच कळत होतं. मी चावीवाल्याकडे निघालेल्यांना परत बोलावलं. एकाने माझ्या तोंडावर विचारलं, "शांतता म्हणजे हेच का, बाई?" मला राग आला होता, त्याचा नाही, सगळ्याचाच, आणि तो राग ठेवायला जागा नव्हती.

मग आम्ही बंद कपाटासमोर सतरंजी अंथरली. फुलं दाराखाली जमिनीवर ठेवली. आजोबांना नीट दिसत नाही. त्यांनी हात जोडून विचारलं, "उघडलं का?" कोणीतरी "हो" म्हणालं. त्यांनी बुद्धं सरणं गच्छामि सुरू केलं आणि आम्ही सगळे लॅमिनेटच्या दोन दारांकडे पाहत मागोमाग म्हणत राहिलो. आजोबांनी चाचपडत मेणबत्ती लावून दाराला अगदी खेटून ठेवली होती. वंदना चालू असतानाच मी वाकले आणि ती हातभर मागे ओढली. कपाटाला काजळी लागली असती तर त्यावरूनही सभा झाली असती.